घरशाळेचं वेळापत्रक टिकत नाही? या चुका टाळा

जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडल्या, की होमस्कूलिंग करणाऱ्या घरांतही उत्साह संचारतो. नव्या वह्या येतात आणि भिंतीवर रंगीत तक्ता लागतो : आठ ते नऊ गणित, नऊ ते दहा मराठी, दहा ते अकरा इंग्रजी. पोळा येईपर्यंत तक्ता भिंतीवर तसाच असतो, घर मात्र आपल्या गतीने चालू लागलेलं असतं. मग आईला वाटतं आपल्याला जमत नाही, बाबांना वाटतं पोराला शिस्त नाही. बहुतेक घरांत यातलं काहीच खरं नसतं. तक्ता बनवताना घराकडे कुणी पाहिलेलंच नसतं, एवढंच. नागपुरातल्या पालकांशी बोलताना त्याच त्या चुका वारंवार समोर येतात, म्हणून त्या सविस्तर लिहितेय.

शाळेचा तक्ता जसाच्या तसा घरी आणणं

शाळा सहा तास, म्हणून घरीही सहा तास, असा हिशोब बरेच जण करतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये शाळांसाठी जे किमान प्रमाण दिलंय ते एकदा बघा. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे प्राथमिकच्या मुलाला शाळेतसुद्धा दिवसाला सरासरी चार तास शिकवणं धरलंय, आणि तेही भरलेल्या वर्गाला. त्यात हजेरी आली, फळ्यावरचं उतरवून घेणं आलं, चाळीस वह्या तपासणं आलं. तुम्ही एकाच मुलासमोर बसता. माझ्या मते पहिली-दुसरीच्या वयाला दीड-दोन तास आणि चौथी-पाचवीच्या वयाला अडीच-तीन तास मन लावून केलेलं काम पुरतं. उरलेला वेळ खेळाचा, हस्तकलेचा, घरकामाचा, नुसतं बसून राहण्याचा. तो वाया गेला असं समजू नका.

दुसरी अडचण घड्याळाची. घरात कधी नळ उशिरा येतो, कधी गॅसवाला दारात उभा असतो, कधी आजीची बीपीची गोळी संपलेली असते. आठ वाजताचं गणित साडेआठला गेलं की पुढचं सगळं घसरतं आणि दहा वाजता घरात आरडाओरडा सुरू होतो. यावर उपाय म्हणजे वेळ न ठरवता क्रम ठरवायचा, आणि तो घरात रोज न चुकता होणाऱ्या गोष्टींना बांधायचा. नाश्ता झाला की गणित. गणित झालं की अर्धा तास अंगणात किंवा गच्चीवर. आंघोळीनंतर भाषा. बाबांचा डबा गेला की मोठ्याने वाचन. नाश्ता चाळीस मिनिटं उशिरा झाला तरी नाश्त्यानंतर काय करायचं हे मुलाला ठाऊक असतं, सांगावं लागत नाही.

मानेवाड्याकडच्या एका घरात नऊ वर्षांच्या मुलीचं गणित रोज साडेदहाच्या सुमारास रडारडीत संपायचं. विषय अपूर्णांकांचा. पुस्तक बदलून झालं, रागावून झालं, बक्षिसाचं आमिषही दाखवून झालं. शेवटी आईने आठवडाभर काहीच न बदलता फक्त लिहून ठेवलं : मुलगी किती वाजता उठली, काय खाल्लं, कधी बसली, कधी चिडली. साडेसातला दूध-बिस्कीट आणि त्यानंतर थेट बाराचं जेवण, हे कागदावर आलं तेव्हा कोडं सुटलं. आता साडेआठला पोहे आणि लगेच गणित. पुस्तक तेच, अपूर्णांक तेच, पण पंचवीस मिनिटांत आटोपतं. एकदा तिने आजीलाच विचारलं, "आजी, तीन चतुर्थांश मोठं का दोन तृतीयांश?" आजी म्हणाली, "मले काय विचारतं बाई, भाकर तोडून दाखव." तिने दोन सारख्या भाकरी घेतल्या, एकीचे चार भाग केले, दुसरीचे तीन, आणि दोन्हींतला एकेक तुकडा बाजूला काढला. चतकोर लहान, तिसरा हिस्सा मोठा. ज्या भाकरीतून लहान तुकडा गेला तिचं जास्त उरलं, हे तिने स्वतःच आजीला समजावलं. छेद समान न करताही उत्तर मिळालं, आणि ते ती विसरणार नाही.

म्हणून वेळापत्रक बिघडलं की आधी आठवडाभर नोंद ठेवा. रोज सगळ्यात आधी काय मोडतं ते शोधा. दिवसातली पहिली गोष्टच मोडत असेल तर कारण बहुधा झोपेत असतं, मधली मोडत असेल तर भुकेत किंवा फार लांबलेल्या बैठकीत, आणि एकच विषय कुठेही ठेवला तरी मोडत असेल तर मागचं काहीतरी कच्चं राहिलंय. भागाकारावर चिडणाऱ्या कितीतरी मुलांचे पाढेच पक्के नसतात.

वर्षभर एकच वेळापत्रक

पुण्या-मुंबईच्या ओळखीतल्या कुटुंबाकडून वेळापत्रक मागवून इथे चालवायला गेलात तर मार्चमध्येच ते बंद पडणार. नागपूरचा मे म्हणजे ४५ अंशांच्या आसपासचा पारा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, तर दुपारी पंख्याखालीही बसवत नाही. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात त्या याच कारणाने.

इथे उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशी वर्षाची किमान तीन वेळापत्रकं लागतात. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत सगळं अवघड काम सकाळी साडेसहा ते साडेनऊच्या आत. दुपारी कुलरच्या खोलीत बसायचं तर कामही त्या खोलीला मानवणारं हवं. कुलर सुरू असताना श्रुतलेखन घेऊन पाहा : तुम्ही "खडा" म्हणता, मूल "घडा" लिहितं, आणि दोघंही ओरडून थकता. कविता म्हणणं, पाढे म्हणून घेणं, मोठ्याने वाचन हे सगळं सकाळी उरकायचं. दुपारसाठी मूकवाचन, चित्रकला, नकाशे भरणं, कोडी. कुलरच्या ओलाव्याने वहीचे कागद मऊ पडतात आणि पेनची शाई फुटते, म्हणून दुपारी पेन्सिल बरी. कुलरची टाकी भरण्याचं काम मुलाकडे देता येतं. बादली किती लिटरची, टाकीत किती बादल्या मावल्या, दुपारपर्यंत पाणी किती खाली गेलं, कोणत्या दिवशी जास्त उडालं, हे महिनाभर लिहिलं की बाष्पीभवनाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

शाळेच्या सुट्ट्या पाळायची सक्ती तुमच्यावर नाही, हा घरशाळेचा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि तो फार कमी लोक घेतात. मे महिन्यात बाहेर पडताच येत नाही, तर सकाळचा अभ्यास सुरू ठेवा आणि हक्काची सुट्टी नोव्हेंबर ते जानेवारीत घ्या. तेव्हा सेमिनरी हिल्सवर सकाळी फिरता येतं, अंबाझरीच्या काठावर हिवाळी पाहुणे पक्षी बघता येतात. १८६३ साली सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, आणि गांधीसागरासमोरचं रमण विज्ञान केंद्र आठवड्याच्या मधल्या वारी निवांत पाहून होतं. रविवारच्या गर्दीत एकेका प्रयोगापाशी रांग लावत बसायचं कशाला?

सणवार म्हणजे बुडालेला अभ्यास असं समजणं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि महाल भागात मारबत, म्हणजे वाईट गोष्टींच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, त्या दिवशी नागपुरातलं कोणतं पोट्टं वहीत डोकं घालेल? वर्षाच्या सुरुवातीलाच असे दिवस वेळापत्रकातून काढून टाका, म्हणजे नंतर हळहळ नको. लाकडी बैल सजवणं, काळी आणि पिवळी मारबत का काढतात ते आजोबांना विचारून पाच ओळी लिहिणं, एवढं त्या आठवड्याला पुरे. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांची दुकानं लागतात. मुलाच्या हातात थोडे पैसे देऊन त्याला स्वतःचं पुस्तक निवडू द्या. १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख त्या मैदानावर उभं राहून जशी कळते तशी घरात बसून कळणार नाही.

आणि पाचही दिवस गच्च भरू नका. चार दिवसांचा अभ्यास आखा, पाचवा राहिलेल्यासाठी मोकळा ठेवा. पाहुणे येतात, ताप येतो, लग्नं असतात. काहीच राहिलं नसेल तर तो दिवस मुलाचा.

सगळा भार एकट्या आईवर

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते. आई शिकवते, स्वयंपाक करते, शिवाय "घरीच तर आहेस" म्हणून बँकेची कामंही तिच्याचकडे. दोन-तीन महिन्यांत ती थकते, आणि घरशाळा बंद पडते ती त्या थकव्याने. बाबांकडे एक विषय पूर्णपणे द्या, मदत म्हणून नव्हे, जबाबदारी म्हणून. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास विज्ञान त्यांचं, मग पुस्तक कोणतं, कुठवर आलं, प्रयोगाचं सामान आणलं का, हे आईने विचारायचं नाही. आजोबा असतील तर रोजचा पेपर त्यांच्याकडे : एक बातमी मुलाने वाचायची, एक आजोबांनी समजावायची.

सकाळच्या अभ्यासाच्या वेळी फोन घेणार नाही, हे नातेवाइकांना एकदाच प्रेमाने सांगून टाका. "पोरगं शाळेत काऊन जात नाई?" हा प्रश्न येतच राहणार. त्याचं उत्तर अभ्यासाच्या वेळेत, मुलासमोर देत बसू नका. संध्याकाळी चहावर द्या.

दोन मुलं असतील तर लहान्याला आधी पंधरा-वीस मिनिटं पूर्ण लक्ष द्या. त्याचं पोट भरलं की तो मोठ्याच्या गणितात लुडबुड करत नाही. गोष्टी, परिसर अभ्यास, चित्रकला दोघांची एकत्र चालते, गणित आणि लेखन वेगळं. मोबाइलवरच्या व्हिडिओने एखादी संकल्पना जरूर समजवा, पण त्याच्यावर मूल सोपवून स्वयंपाकघरात जाऊ नका. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, पायाला तेवढी भक्कम आहेत.

"दहावीचं तेव्हा बघू"

याचा रोजच्या वेळापत्रकाशी काय संबंध, असं वाटेल. फार जवळचा आहे. पहिल्या दिवसापासून साधी डायरी ठेवा : तारीख, काय वाचलं, काय सोडवलं, कुठे गेलो. महिन्याला दोन-चार कागद फाइलमध्ये. पुढे शाळेत घालायची वेळ आली तर वयानुसार वर्ग ठरवताना तीच फाइल दाखवता येते.

परीक्षेचा रस्ता अकराव्या-बाराव्या वर्षीच ठरवा. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरायचा तर शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणजे कधीच शाळेत न गेलेल्या मुलाची तिथे अडचण होते. त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षा आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला नोंदणी होते. किमान पाच विषय, आणि पाच वर्षांत नऊ संधी, त्यामुळे एकाच वेळी सगळे विषय उरकायची घाई नसते. संकेतस्थळावरचं त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचूनच तारखा पक्क्या करा.

घरी शिकलेली मुलं तोंडी उत्तरं झकास देतात, पण तीन तास सलग लिहायची सवय नसल्याने पेपर अर्धवट राहतात. म्हणून तेराव्या वर्षापासून आठवड्यातून एका सकाळी उत्तरपत्रिका, पेन आणि घड्याळ घेऊन बसवायचं. आधी पाऊण तास, महिन्याभराने दीड, मग पूर्ण तीन तास. त्या दिवशी दुसरा कोणताही अभ्यास ठेवू नका.