व्हिडिओ लावण्याआधी हजेरीपट उघडा

शहादा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. नव्याने रुजू झालेले शिक्षक विचारतात, ‘मॅडम, वर्गात काय दाखवायचं, काय नाही?’ तेव्हा मी त्यांना नववीचा आनुवंशिकतेचा माझा तास सांगते.

त्या धड्यात सिकलसेल ॲनिमिया आहे. गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या कशा होतात, हे एका व्हिडिओत फार सुरेख दाखवलं होतं. पहिली दोन मिनिटं बघून मी तो वर्गात लावला. शेवटी निवेदक म्हणाला, हे रुग्ण फार वर्षं जगत नाहीत. मागून एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, हाई खरं शे का?’ आणि तीन-चार माना एका मुलीकडे वळल्या. तिला सिकलसेल आहे हे मुलांना माहीत होतं, मला नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिची आई कापूस वेचून नुकतीच आली होती. नियमित औषध, भरपूर पाणी, वेळेवर तपासणी असली तर हा आजार सांभाळता येतो, हायड्रॉक्सियुरियासारखं औषध आता मिळतं, हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग व्हिडिओत तसं का म्हटलं?’ मी तो पूर्ण बघितला नव्हता, एवढंच खरं होतं. तेच सांगितलं.

तेव्हापासून व्हिडिओ शेवटपर्यंत बघते, आणि बघताना शेजारी हजेरीपट उघडा असतो. कुणाचे वडील गेलेत, कुणाच्या घरचे ऊसतोडीला गुजरातेत गेलेत, कुणाच्या घरी दारूवरून मारहाण होते. एकेका नावावर बोट ठेवून विचार करते, हे दृश्य याला कसं दिसेल? सेन्सॉरचं प्रमाणपत्र वयापुरतं बोलतं. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे, म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या प्रमाणपत्राचे, ७, १३ आणि १६ वर्षं असे भाग झाले, त्याचा उपयोग होतोच. पण वर्गातली मुलं त्या मंडळाला माहीत नसतात, आपल्याला माहीत असायला हवीत.

सिनेमा दाखवायला कायद्याची भीती बाळगू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरतं दाखवण्याची मुभा देतं. गावाला बोलावलंत तर ती सूट राहत नाही. जाहिरातींचा त्रास टाळायला आणि रेंजचा भरवसा नसल्याने मी दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं साहित्य आदल्या रात्रीच उतरवून ठेवते.

ती मुलगी तिसऱ्या दिवशी आली. मी वर्गाला सांगितलं की त्या व्हिडिओतलं शेवटचं वाक्य चुकीचं होतं आणि तो पूर्ण न बघता लावणं ही माझी चूक होती. मग फळ्यावर चौकट काढली: आईवडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून आजाराचं जनुक बाळगणारे, असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. कुणाचंही नाव न घेता. तास संपल्यावर तिने ती चौकट वहीत उतरवून घेतली, घरी आईला दाखवायला.