म्युझिक व्हिडिओच्या लाईनमध्ये यायचंय? आधी प्लेबॅकवर बसा

नागपुरातले बरेच पोट्टे मला विचारून राहिलेत की दादा म्युझिक व्हिडिओत शिरायचं कसं, कॅमेरा कोणता घेऊ, गिंबल कोणतं घेऊ. कॅमेऱ्याचं नंतर बघू. मी इथे अल्बमच्या गाण्यांवर काम करतो, सुरुवात असिस्टंट म्हणून केली, आता डिरेक्शन आणि एडिट दोन्ही बघतो, आणि नवीन माणसाला पहिली गोष्ट मी हीच सांगतो की हा व्हिडिओ गाण्यासाठी असतो. गाणं लोकांनी पुन्हा लावावं, गायकाचा चेहरा ओळखीचा व्हावा, यासाठी कोणीतरी खिशातून पैसे काढलेले असतात. तुमचा ड्रोन शॉट किती भारी आलाय हे बघायला कोणी येत नाही.

हे काही आजचं नाही. अमेरिकेत 1 ऑगस्ट 1981 ला एमटीव्ही सुरू झालं तेव्हा रेकॉर्ड कंपन्या हे व्हिडिओ प्रमोशनसाठीच चॅनेलला द्यायच्या, म्हणून तर त्यांना प्रोमो म्हणायचे. गायकाचे भरपूर क्लोजअप, सुरुवातीला आणि शेवटी खाली कोपऱ्यात गाण्याचं आणि गायकाचं नाव, या सवयी त्याच काळात पक्क्या झाल्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात चॅनल व्ही, एमटीव्ही आले आणि इंडीपॉप, म्हणजे सिनेमाबाहेरची पॉप गाणी, चाललं. अलिशा चिनॉयचं 1995 चं 'मेड इन इंडिया' आठवा (किंवा घरी आईबाबांना विचारा), गाण्याबरोबर मिलिंद सोमणही लक्षात राहिला की नाही? तेच काम असतं.

मास कॉमला असाल तर म्युझिक व्हिडिओवर लिहिणाऱ्या अँड्र्यू गुडविनचं नाव अभ्यासात येतंच, पाठ करून सोडून देऊ नका, कामाचं आहे ते. त्याने शब्द आणि चित्र यांचं नातं तीन तऱ्हेचं सांगितलंय. समजा गाण्यात ओळ आहे की पाऊस आला. तुम्ही पाऊस दाखवला, हे पहिलं. एक बाई गच्चीवरचे कपडे काढायला धावतेय आणि चादरीचं दुसरं टोक धरायला आज कोणी नाही, म्हणजे ओळीत नव्हतं ते चित्राने वाढवलं, हे दुसरं. आणि ओळ पावसाची पण चित्र मे महिन्यातल्या नागपुरातल्या बर्डीच्या मेन रोडचं, तोंडाला दुपट्टे बांधलेली माणसं, हे तिसरं, शब्द आणि चित्र मुद्दाम वेगळे. नवीन पोरं निम्म्याहून जास्त वेळा पहिल्यावरच थांबतात, 'चंद्र' म्हटलं की चंद्र, 'डोळे' म्हटलं की डोळे. माझ्या मते खरी मजा दुसऱ्यात आहे, तिसरं जपून वापरा, नाहीतर बघणाऱ्याला वाटतं चुकीची फाईल लागली.

गाण्याच्या प्रत्येक प्रकाराचे आपले रिवाज असतात. रॅप असेल तर मोहल्ला, मागे दोस्तांचा घोळका, कॅमेरा खालून आणि वाईड. रोमँटिक असेल तर गोष्ट लागते, फुटाळा तलाव, अंबाझरी तलाव, रामटेक ही ठिकाणं ठरलेली. पण नागपुरात राहून शिकायचं असेल तर भीमगीतांचे व्हिडिओ नीट बघा, माझा फार जीव आहे या कामावर. 14 एप्रिलच्या आधी आणि दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी गाण्यांची गर्दी असते, तारीख हलत नाही, म्हणजे एडिटही हलू शकत नाही. पांढरे कपडे, निळा रंग, दीक्षाभूमीचा स्तूप, कोरसमध्ये अख्खी वस्ती. 1956 साली इथे जे घडलं ते लोकांच्या घरातलं आहे, त्यामुळे बघणारा प्रत्येक फ्रेम तपासतो. बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे कॅमेरा वरून रोखायचा नाही, गायक पुतळ्याला झाकेल असा उभा करायचा नाही, परमिशनशिवाय आत ट्रायपॉड लावायचा नाही. हे कोणत्या पुस्तकात मिळत नाही, सेटवर एखादी म्हातारी आजी सांगते आणि ती बरोबर असते.

आता कामात शिरायचं कसं. सगळे कॅमेऱ्यामागे उभं राहायला बघतात, मी म्हणतो प्लेबॅकवर बसा. प्लेबॅक म्हणजे सेटवर लॅपटॉप आणि स्पीकरवरून गाणं वाजवायचं काम, वरून बघायला किरकोळ वाटतं, पण डिरेक्टर ओरडतो "दुसऱ्या अंतऱ्याच्या आधीच्या पीसपासून दे" आणि तुम्हाला ती जागा झटक्यात सापडायला पाहिजे. म्हणून आदल्या रात्रीच ट्रॅकवर मार्कर टाकून ठेवायचे, मुखडा, पीस (मधलं नुसतं वाद्यांचं संगीत), अंतरा, क्रॉस (अंतऱ्यातून मुखड्यावर आणणारी ओळ), हुक (तोंडात बसणारी ओळ). प्रत्येक जागेच्या आधी तीन-चार पिप, म्हणजे छोट्या बीप, जोडायच्या, तालात, म्हणजे गायकाला श्वास घ्यायला वेळ मिळतो आणि तो पहिल्या शब्दापासून ओठांवर असतो. दिवसभर तेच गाणं ऐकून ऐकून तुम्हाला कळायला लागतं की कुठे ढोलकी उठते, कुठे गायक शब्द ओढतो, आणि कट कुठे बसणार हे एडिटला जायच्या आधीच दिसतं.

स्लो मोशनची गंमत पण तिथेच शिकाल. फायनल व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमचा आहे आणि गायकाचे केस, ओढणी हळू उडाली पाहिजे पण ओठ मात्र गाण्यावर पाहिजेत. मग कॅमेरा 50 फ्रेमला ठेवायचा आणि गाणं दुप्पट स्पीडने वाजवायचं. गायकाला तसंच भरभर म्हणावं लागतं, कार्टूनमधल्या चिपमंकसारखा चिरका आवाज येतो, सगळा सेट हसतो, हसू द्या. एडिटमध्ये शॉट निम्म्या स्पीडला आणला की ओठ जागेवर बसतात आणि बाकी सगळं हळू. हा दुप्पट स्पीडचा ट्रॅक घरूनच तयार करून न्या, सेटवर कोणाला वेळ नसतो.

एडिटबद्दल एवढंच, प्रत्येक ठेक्यावर कट मारू नका. मुखड्यात थोडं थांबा, पीसमध्ये पळा. आणि बीटच्या एक-दोन फ्रेम आधी कापलं तर डोळ्याला जास्त बरोबर वाटतं, करून बघा.

उन्हाळ्यात आऊटडोअर सकाळी आठच्या आत आटपा, नंतर सूर्य डोक्यावर येतो आणि डोळ्यांखाली काळं दिसतं. ट्यूबलाईटखाली शूट असेल तर शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर, नाहीतर पट्ट्या येतात. ड्रोन उडवायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय साईटवरचा ड्रोनचा नकाशा बघा, आपल्या शहरात एअरपोर्ट आहे, एअरफोर्स आहे, कुठेही उडवता येत नाही.

काम मागायला जाताना शोरील (निवडक शॉट जोडून केलेली क्लिप) नेऊ नका. एक गाणं घ्या, शक्यतो ओळखीच्या गायकाचं स्वतःचं, कारण दुसऱ्याच्या गाण्यावर केलं तर कॉपीराइटचा क्लेम येतो. कागदावर चार रकाने पाडा, वेळ, ओळ, वाद्य, चित्र. मोबाईलवर मुखडा आणि एक अंतरा शूट करा, एकच माणूस, एकच जागा, लिपसिंक पक्कं. आडवा एक आणि रील्ससाठी उभा एक, आणि उभा कापताना हुक पहिल्या पाच सेकंदात आणा. तो व्हिडिओ आणि तो कागद दोन्ही घेऊन जा, मी तरी असिस्टंट घेताना आधी कागद मागतो.