प्लास्टिकची आघात चाचणी : खाचेच्या नमुन्याची आयझॉड पद्धत

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत वाहनांचे प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्यांकडे ग्राहक बहुधा आयझॉड मूल्य मागतो, म्हणजे खाच पाडलेला नमुना लंबकाच्या हातोड्याच्या आघाताने तुटताना किती ऊर्जा शोषतो याचा आकडा. सावकाश ताणल्यास भरपूर लांबणारे प्लास्टिक अचानक धक्का बसताच काचेसारखे तडकू शकते, कारण लांब रेणुसाखळ्यांना सरकायला वेळच मिळत नाही. म्हणून ताण चाचणीच्या आकड्यावरून आघातक्षमता गृहीत धरू नये.

आयएसओ १८० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ८० × १० × ४ मिमी मापाचे दहा नमुने घ्यावेत आणि प्रत्येकाला ४५ अंशांची, २ मिमी खोल, तळाशी ०.२५ मिमी त्रिज्येची खाच यंत्राने पाडावी. माझ्या मते सगळ्या चाचणीचा कस इथेच लागतो : कटर बोथट झाला की त्रिज्या वाढते, तिथे ताण कमी एकवटतो आणि मूल्य विनाकारण चढते. त्यामुळे खाच प्रोफाइल प्रोजेक्टरखाली, म्हणजे वस्तूची कडा मोठी करून पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाखाली, तपासावी. नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवू नये.

खाच पाडल्यानंतर नमुने २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत किमान १६ तास ठेवावेत. पावसाळ्यातल्या दमट हवेत उघडे राहिलेले नायलॉन पाणी शोषून चिवट होते आणि फसवा चांगला आकडा देते. उलट, हिवाळ्यात निफाडकडे पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होत जाते. बाहेर वापरायच्या भागाची शून्य अंशावरही चाचणी घ्यावी आणि शीतकपाटातून काढलेल्या नमुन्यावर लगेच आघात करावा.

प्रथम नमुना न लावता लंबक सोडून घर्षणाने होणारी ऊर्जाहानी नोंदवावी. मग नमुना उभा पकडून, खाच लंबकाच्या हातोड्याकडे ठेवून, लंबक सोडावा. आघाताचा वेग सेकंदाला ३.५ मीटर असतो. शोषलेली ऊर्जा लंबकाच्या क्षमतेच्या १० ते ८० टक्क्यांत यायला हवी, आणि एकाहून अधिक लंबक चालत असतील तर मोठा निवडावा.

घर्षणहानी वजा केल्यावर उरलेली ऊर्जा खाचेमागच्या क्षेत्रफळाने भागावी. ८ × ४ मिमी छेदावर ०.३२ ज्यूल शोषले गेले, तर मूल्य चौरस मीटरला १० किलोज्यूल येते. शेजारी तुटण्याचा प्रकार, म्हणजे पूर्ण, बिजागरीसारखा, अर्धवट की न तुटलेला, लिहावा आणि निरनिराळ्या प्रकारांची सरासरी एकत्र काढू नये. एएसटीएम डी२५६ या अमेरिकी मानकाचे मूल्य ज्यूल प्रति मीटरमध्ये असते व तिथे नमुन्याची मापेही वेगळी असतात, त्यामुळे दोन्ही आकडे एकमेकांत रूपांतरित करून ग्राहकाला देऊ नयेत.