ॲनडेटा डेटासेट जोडताना ‘यूएनएस’मधील नोंदी कशा एकत्र कराव्यात

एकेका पेशीतील जनुकांच्या अभिव्यक्तीचा डेटा पायथनमध्ये बहुधा ॲनडेटा या लायब्ररीच्या रूपात ठेवला जातो. मोजण्यांच्या तक्त्याशिवाय त्यात ‘यूएनएस’ नावाचा कप्पा असतो आणि संदर्भ-जीनोम, विश्लेषणाचे पॅरामीटर, आलेखांचे रंग अशी माहिती तेथे एकात एक ठेवलेल्या डिक्शनरींमध्ये (नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांमध्ये) साठते. डेटासेट जोडणारे ‘कॉनकॅट’ हे फंक्शन वापरताना ‘यूएनएस_मर्ज’ हा पर्याय दिला नाही, तर जोडलेल्या डेटासेटमध्ये हा कप्पा रिकामा राहतो. म्हणून हा पर्याय विचारपूर्वक निवडावा.

निवडलेला नियम आतल्या प्रत्येक पातळीपर्यंत लागू होतो. समजा, तीन डेटासेटपैकी दोघांत ‘संदर्भ’ या डिक्शनरीमध्ये जीनोम ‘जीआरसीएच38’ (मानवी संदर्भ-जीनोमची एक आवृत्ती) असा नोंदवला आहे आणि तिसऱ्यात ती नोंदच नाही. ‘सेम’ हा पर्याय सर्वांत असलेल्या आणि तंतोतंत सारख्या नोंदीच ठेवतो, त्यामुळे जीनोम गळतो, पण ‘संदर्भ’मधील इतर समान नोंदी टिकतात. ‘युनिक’ जीनोम ठेवतो, कारण त्याचे एकच मूल्य आढळते. तिसरा डेटासेटही त्याच जीनोमवरचा आहे, हे मात्र आपणच तपासायला हवे. ‘फर्स्ट’ सर्वांत धोकादायक आहे: तिसऱ्यात ‘जीआरसीएच37’ ही जुनी आवृत्ती असली, तरी तो पहिले मूल्यच ठेवतो आणि विसंगती झाकली जाते. ‘ओन्ली’ केवळ एकाच डेटासेटमध्ये असलेल्या नोंदी उचलतो. त्याची गरज क्वचित पडते.

सुरुवात ‘सेम’ने करावी, तरीही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. विश्लेषणाची लायब्ररी स्कॅनपाय शेजारी (म्हणजे एकमेकींसारख्या) पेशींचा ग्राफ ‘ओबीएसपी’ या पेशी-जोड्यांच्या कप्प्यात ठेवते आणि त्याचे पॅरामीटर ‘यूएनएस’मधील ‘नेबर्स’खाली लिहिते. सर्वत्र तेच पॅरामीटर असतील, तर ‘सेम’ ही नोंद टिकवतो. ग्राफ मात्र ‘कॉनकॅट’चा ‘पेअरवाइज’ हा पर्याय सुरू केल्याशिवाय जोडलेल्या डेटासेटमध्ये येत नाही, आणि मग नसलेल्या ग्राफचे वर्णन तेवढे मागे उरते. ‘पीसीए’ (मुख्य घटक विश्लेषण), ‘नेबर्स’ आणि क्लस्टरांचे (पेशींच्या गटांचे) रंग यांसारखे विश्लेषणातून निघालेले भाग जोडण्यापूर्वीच काढून टाकावेत आणि ती गणिते एकत्रित डेटावर पुन्हा करावीत.

प्रयोगात वापरलेल्या रसायन-संचाची आवृत्ती किंवा प्रयोगाची तारीख यांसारखी डेटासेटगणिक बदलणारी मूल्ये ‘यूएनएस’मध्ये ठेवूच नयेत. जोडण्याआधी ती ‘ओबीएस’ या पेशीनिहाय माहितीच्या तक्त्याच्या स्तंभात उतरवावीत आणि ‘कॉनकॅट’ला ‘कीज’ (डेटासेटांची नावे) व ‘लेबल’ (ती नावे ठेवणाऱ्या स्तंभाचे नाव) देऊन प्रत्येक पेशीचा मूळ डेटासेट नोंदवावा.