किनाऱ्यावरचं ग्रीक शहर उकरताना या चुका टाळा

पहिली चूक कुदळ हातात घेण्याआधीच होते: आज समुद्र जिथे आहे, तिथेच तो तेव्हाही होता असं धरून चालणं.

हेलिकीचंच घ्या. कोरिंथच्या आखाताच्या दक्षिण काठावरचं, समुद्रदेव पोसायडनच्या देवळासाठी नावाजलेलं हे शहर इ.स.पू. 373च्या हिवाळ्यात एका रात्री भूकंपाने खचलं आणि पाण्याखाली गेलं. बुडालं म्हणजे आखातातच, या समजुतीने विसाव्या शतकात समुद्राचा तळ धुंडाळला गेला. 1988मध्ये डोरा कात्सोनोपूलू आणि स्टीव्हन सोटर यांच्या पथकाने सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तळ चाचपणारं यंत्र, फिरवलं, पण तळाशी शहर नव्हतं. मग त्यांनी किनाऱ्यालगतच्या मैदानात बोअर घेतले. 2001मध्ये रिझोमिलोस गावाजवळ, जमिनीखाली, त्या काळातले अवशेष सापडले. त्यांच्यावर खाजणातल्यासारखा गाळ होता. नद्यांनी आणलेल्या मातीने तिथलं पाणी पुढे बुजून गेलं होतं. शहर समुद्रापासून बारा स्टेडिया, म्हणजे दोनेक किलोमीटर आत होतं, हे स्ट्रेबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने नोंदवलेलंच आहे. पण बुडालेल्या शहराची गोष्ट जास्त मोहक, त्याला काय करणार!

तेव्हा आधी बोअरच्या नमुन्यातली सूक्ष्म जीवांची कवचं तपासून घ्या. पाणी गोडं होतं, मचूळ होतं की समुद्राचं, हे त्यांवरून कळतं.

बोअरमधून खापर आलं की खाली घर आहे, असंही समजू नका. डेल्टात, म्हणजे नदीमुखाच्या गाळाच्या प्रदेशात, नद्या खापरं लांबून लोटत आणतात. कडा झिजलेल्या असतील तर संशय घ्या. वस्तू किती खोल सापडली यावरून काळ ठरवणं तर त्याहून धोक्याचं. हेलिकीच्या त्याच मैदानात एकीकडे रोमन इमारत निघाली, तर दुसरीकडे शहराच्या नाशाआधी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, कांस्ययुगाच्या आरंभीची वस्ती.

कोसळलेली भिंत दिसली की लगेच ‘त्सुनामी’ लिहायचा मोह होतो. भिंती भूकंपाने पडतात, पुराने पडतात, नुसत्या जुन्या होऊनही पडतात. समुद्री वाळू आणि शिंपले त्याच थरात आहेत का, ते पाहिल्याशिवाय वहीत तो शब्द नको.

चरात पाणी भरतंय? अशा ठिकाणी ते भरणारच. कोपऱ्यात खोल खड्डा घेऊन पंप तिथे लावा, भिंतीच्या पायाशी नको. बारीक माती पाण्याबरोबर निघून गेली की भिंत बसते. खोल चराच्या बाजू सरळ न ठेवता पायऱ्यांनी उतरवा. शक्य असेल तर उन्हाळ्याच्या अखेरीस खणा, तेव्हा भूजल खाली गेलेलं असतं.

खाऱ्या मातीतली मडकी धुऊन उन्हात वाळवली की क्षार पृष्ठभागावर येऊन पापुद्रे सुटतात. ती गोड्या पाण्यात ठेवून पाणी पुन्हापुन्हा बदलत राहावं लागतं. आणि ओलं लाकूड निघालं तर त्याला वारासुद्धा लागू देऊ नका: ओल्या कापडात, प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि संवर्धकाला त्याच दिवशी बोलवा.