आधी भाजे, मग कार्ले: लोकलने जाऊन एका दिवसात दोन लेणी कशी बघावीत

‘पुण्याहून एका दिवसात लोहगड, विसापूर, भाजे आणि कार्ले’ असले बेत मोबाईलवर सतत फिरत असतात. ते आखणाऱ्यांनी स्वतः पाळले असतील असं मला वाटत नाही. लोहगड चढून-उतरून आलेला माणूस लेण्याच्या पायऱ्यांशी पोचतो तेव्हा त्याला लेणं नको असतं, सावली हवी असते. लोहगडाचं नाव २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तिथे गर्दीही वाढली आहे. गडाला वेगळा दिवस द्या, विसापूरलाही द्या. या दिवसात फक्त दोन बौद्ध लेणी: आधी भाजे, मग कार्ले. हा क्रम उलटा करू नका. कारण पुढे येईलच.

दिवस शनिवार धरा. रविवारी कार्ल्याला लेण्यालगतच्या एकवीरेच्या दर्शनाची रांग असते आणि पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. चैत्रातली यात्रा आणि नवरात्र तर टाळाच. पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी भाज्याला निम्मी मंडळी धबधब्यासाठी आलेली असतात. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ उत्तम.

पुणे-लोणावळा लोकल पकडा आणि मळवलीला उतरा, लोणावळ्याला नाही. तिकीट वीसेक रुपयांच्या आतबाहेर. सकाळची पहिली किंवा दुसरी गाडी घ्या. दुपारच्या गाड्या विरळ असतात, त्यामुळे उशिरा निघालात तर सगळा दिवस घसरतो. मळवलीला उतरून द्रुतगती मार्गावरच्या पुलावरून चालत भाजे गावात जायचं. रिक्षा लागत नाही. पायऱ्या चढा, तिकीट काढा.

आता लेण्यात शिरल्यावर काय करायचं ते. बहुतेकांचा दिवस इथेच वाया जातो. लोक येतात, स्तूपापुढे फोटो काढतात, ‘दोन हजार वर्षं जुनं आहे म्हणे’ म्हणतात आणि दहा मिनिटांत खाली. मलाही सुरुवातीला सगळी लेणी सारखीच दिसायची. माहितीफलक वाचून फारसा उपयोग होत नाही, कारण त्यावर शतक असतं, मापं असतात, पण बघायचं कुठे ते नसतं. इंटरनेटवरचा सल्ला त्याहून वाईट: ‘शांतता अनुभवा’. शांतता अनुभवून लेणं कळत नाही. एक प्रश्न घेऊन आत जा: डोंगर पोखरून काढलेल्या दालनाला खांब कशाला हवेत?

छत तर डोंगराचंच आहे. ते तोलून धरायला खांब लागत नाहीत, तुळया नाहीत, वासेही नाहीत. तरी भाज्याच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात, सत्तावीस अष्टकोनी खांब आहेत. मधल्या वाटेवर उभे राहा आणि दोन्ही बाजूंच्या रांगा वर-खाली नीट बघा. खांब सरळ नाहीत, वर जाताना आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत गोल छपराचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार ते आत कलते रोवत असत. दगडात त्याची काहीच गरज नव्हती. पण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात हे कोरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे लाकडी चैत्यच होता, आणि त्याने त्याचा कलसुद्धा दगडात उतरवला.

मग मान वर करा. छताला चिकटलेले कमानदार वासे खरोखरच लाकडाचे आहेत. जुन्या वाड्याच्या कडीपाटाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघा: कुठला कुठे बसवलाय, जोड कुठे आहे. इथल्या लाकडावर ब्राह्मी अक्षरंही सापडली आहेत. आता बाहेर या आणि दर्शनी बाजू बघा. ती सताड उघडी आहे. काही पडलं म्हणून नव्हे, तर इथे दगडी भिंत कधी नव्हतीच. पूर्ण लाकडी दर्शनी भाग होता, तो गेला. राहिल्या आहेत त्या लाकूड अडकवायच्या खोबणी. कडेच्या दगडावर हात न लावता नुसती नजर फिरवा, चौकोनी भोकं दिसू लागतील. ती एकदा दिसली की मनात आपोआप चौकट उभी राहते. यासाठी अर्धा तास मोडला तरी चालेल.

एक ताकीद: आत अंधार असतो आणि लोक मोबाईलचा टॉर्च सरळ समोरून मारतात. त्याने कोरीवकाम सपाट दिसतं. उजेड बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर धरा. पुसट झालेलं अक्षर किंवा नक्षी तेव्हाच वर येते.

चैत्यगृहाच्या दक्षिणेला, म्हणजे डोंगराकडे तोंड केलंत तर उजव्या हाताला, चौदा छोटे स्तूप आहेत, पाच आत आणि नऊ बाहेर. ते इथल्या भिक्खूंच्या स्मरणासाठीचे, काहींवर नावंही आहेत. त्याच्या पुढच्या टोकाच्या विहारात, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या लेण्यात, रथावर बसलेला सूर्य आणि हत्तीवर बसलेला इंद्र म्हणून दाखवले जाणारे दोन पट आहेत. ते नक्की कोण यावर अभ्यासकांचं एकमत नाही, तेव्हा कोणी छातीठोकपणे सांगू लागलं तर ऐका आणि सोडून द्या. तिथेच जवळ एक बाई दोन वाद्यं वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. ती शोधल्याशिवाय खाली उतरू नका.

डबा खाली उतरून खा.

भाजे गावातून कार्ल्याला रिक्षा करा. भाव आधी ठरवा आणि वाट्याने जा. पायी जायचं तर मळवली ओलांडून, इंद्रायणी पार करून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या कार्ला फाट्यावरून वर, पण दुपारच्या उन्हात मी ते सुचवणार नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपार कलल्यावर आत उजेड चांगला येतो. कार्ले नंतर ठेवायचं एक कारण हे.

दुसरं आणि मोठं कारण म्हणजे भाजे बघून आल्यावर कार्ल्याला काय बदललं ते लगेच ध्यानात येतं. इथे खांब कललेले नाहीत, ताठ आहेत. एकूण सदतीस. बाजूच्या खांबांना खाली घट, वर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्यावर जोडपी. स्तूपामागचे सात मात्र साधे अष्टकोनी. दर्शनी भिंत आता दगडाची, तिच्यावर मोठ्ठी पिंपळपानी खिडकी. दालन सुमारे अडतीस मीटर लांब. सुताराला दगडाने मागे टाकलं असं वाटत असतानाच वर बघा: वासे अजूनही लाकडाचे, आणि स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडाची.

कार्ल्याचे लेख वाचता आले नाहीत तरी काय लिहिलंय ते ठाऊक असू द्या. वैजयंती नगरीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी, म्हणजे मोठा व्यापारी, सांगतो की हे शैलगृह आपण पूर्ण केलं आणि जंबुद्वीपात, म्हणजे साऱ्या भारतात, ते सर्वोत्तम आहे. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी (एक मोठी पदवी) अग्निमित्रणक याचं दान. खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणवल्या जाणाऱ्या परदेशीयांची, नावं आहेत. माझा आवडता लेख दाराजवळचा: धेनुकाकटच्या सामी नावाच्या माणसाने हे द्वार घडवलं. हा सामी धंद्याने सुतार होता.

एकवीरेचं दर्शन घ्यायचं असेल तर लेणं बघून झाल्यावर घ्या, रांग संध्याकाळकडे ओसरते. लेण्याचं फाटक मात्र अंधाराआधी बंद होतं.

खर्चाचं म्हणाल तर दोन्ही ठिकाणचं तिकीट पंचवीस-पंचवीस रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. लोकल आणि वाट्याची रिक्षा धरून चौघांत माणशी तीनशेच्या आत भागतं, डबा घरचा असेल तर. पायऱ्यांवर लिंबू सरबत मिळतं, पाण्याच्या बाटल्या मात्र खालूनच भरून न्या, वर महाग पडतात. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा आणि संध्याकाळच्या गाड्यांच्या वेळा मळवलीच्या फलकावरून टिपून घ्या. कार्ल्याहून रिक्षावाल्याला सांगताना ‘मळवली स्टेशन’ म्हणा. नुसतं ‘स्टेशन’ म्हणालात तर तो तुम्हाला लोणावळ्याला नेऊन सोडेल.