पैसे मालकाचे, मन मॅनेजरचं: सल्लागार आणि कोच म्हणून काम सुरू करताना

व्यवसाय सल्लागार आणि लीडरशिप कोच ही दोन्ही कामं बरेचजण एकाच व्हिजिटिंग कार्डावर छापतात. सल्लागार हिशेब, स्टॉक, माणसं बघून काय करायचं ते सांगतो. कोच प्रश्न विचारतो, उत्तर समोरच्याने शोधायचं असतं. एकाच कंपनीत एकाच वेळी दोन्ही घेऊ नका. ज्याला सोमवारी मोकळं बोलतं केलंत, त्याचंच पद रद्द करायची शिफारस शुक्रवारच्या अहवालात लिहायची वेळ येते.

सल्लागाराला आपल्याकडे परवाना लागत नाही, म्हणून गर्दी फार. कॉस्टिंग, स्टॉक किंवा घरच्या धंद्यात पुढच्या पिढीकडे सूत्रं सोपवणं, यातला एकच विषय धरा. कोचिंगसाठी इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची पहिली पायरी एसीसी (असोसिएट सर्टिफाइड कोच) हे प्रमाणपत्र: 60 तासांचं प्रशिक्षण, 100 तासांचं प्रत्यक्ष कोचिंग (त्यातले किमान 75 सशुल्क) आणि 10 तास मेंटर कोचिंग (तुमच्या कोचिंगवर अनुभवी कोचचं मार्गदर्शन). दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर शोभतं, एवढंच. तासांची नोंद ग्राहकाच्या परवानगीने पहिल्यापासून ठेवा, मागाहून जुळवताना खोटेपणा शिरतो.

खरी गोम त्रिपक्षीय करारात आहे. फी मालक देतो, समोर बसतो त्याचा मॅनेजर. पहिल्या सत्राआधी दोघांना एकत्र बसवून लेखी ठरवा: उद्दिष्टं दोन, फार तर तीन, साधारण 8 सत्रं, दर पंधरवड्याला, तास-दीड तासाची. मालकाला कळणार फक्त हजेरी आणि मध्यावर व शेवटी मॅनेजर स्वतः सांगेल ती प्रगती. सत्रातलं बोलणं कळणार नाही. अपवादही तिथेच लिहा: जिवाला धोका, गुन्हा, कायद्याने मागितलेली माहिती. तिसऱ्या सत्रानंतर मालकाचा फोन येतोच, ‘काय म्हणतोय आमचा माणूस?’ तेव्हा उत्तर एकच: ‘मध्यावरच्या बैठकीत तोच सांगेल, साहेब.’ एकदा ‘तसा जरा नाराज आहे’ म्हणालात की ते मॅनेजरपर्यंत पोचतं आणि उरलेली सत्रं हवापाण्याच्या गप्पांत जातात. टिपणं कंपनीच्या ईमेलवर किंवा लॅपटॉपवर ठेवू नका. लैंगिक छळाची तक्रार कानावर आली तर मध्यस्थी करू नका. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे 2013च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती लागते, तिचा रस्ता दाखवा.

फीचा 30-40 टक्के ॲडव्हान्स घ्या. ‘वाचवलेल्या खर्चाचा टक्का’ अशी फी टाळा. मग प्रत्येक अहवालात माणसंच कमी होतात. सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडून कट घेऊ नका, आणि त्याच्याशी संबंध असेल तर शिफारशीआधीच लेखी कळवा. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे देणं ग्राहकावर बंधनकारक असतं. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी लागतो.

आणि हे होणारच: कर्जासाठी बँकेला द्यायच्या सीएमए डेटात (धंद्याच्या मागच्या-पुढच्या आकड्यांच्या तक्त्यांत) विक्री ‘जरा फुगवा’ असं कुणीतरी म्हणेल. नकार त्याच दिवशी ईमेलवर द्या, केलेल्या कामाचं बिल काढा, उरलेला ॲडव्हान्स परत करा. त्यासाठी दोन्ही बाजूंनी 15 दिवसांच्या नोटिशीचं कलम करारात आधीपासून हवं, नाहीतर वाद पैशांवरच अडकतो.